लेकुरवाळीला मूळ

आमच्या कशेळ्याच्या पट्ट्यात लग्नाची सुरुवात मुहूर्तमेढीनं होत नसे, मूळ धाडण्यानं होई. दिल्या घरच्या लेकी आपणहून येत नसत. त्यांना आणायला माहेरचा माणूस जायचा. भाऊ, चुलतभाऊ, नाहीतर भाचा. तो मुराळी. मुराळी सासरच्या ओटीवर टेकला, पाणी प्यायला, सासूनं 'बरं, ने बाबा' म्हटलं, की मग लेक गाठोडं बांधायला घेई. मुराळी आला नाही तर लेक रुसून घरी बसे, आणि पुढची दहा वर्षं 'मला मूळ नव्हतं' हे प्रत्येक लग्नात ऐकावं लागे.

लेक एकटी असली तर मुराळ्याचं काम सोपं. पण लेकी बहुधा लेकुरवाळ्याच. एक कडेवर, एक हाताला धरलेलं, एक पोटात. तेव्हा मुराळ्याची खरी परीक्षा. माझी आजी सांगायची, खांडसकडून वर घाटमाथ्यावर लेकी दिलेल्या होत्या, त्यांना आणायचं तर भीमाशंकरच्या डोंगरातून उतरावं लागे. शिडीघाट जवळचा, पण कड्यावर शिड्या. तान्ही पोरं घेऊन तिकडून कोण उतरणार? मग लांबचा गणपतीघाट धरायचा, पोरं आळीपाळीनं खांद्यावर. सकाळी निघालेली माणसं कशेळ्यात दिवेलागणीला पोचत. खाली सपाटीला बैलगाडी. गाडीत पेंढा, पेंढ्यावर गोधडी, गाडीच्या दोन दांडक्यांना लुगड्याची झोळी आणि झोळीत पोर. गाडीच्या हिसक्यांवर ते असं झोपे की घरच्या पाळण्यात झोपणार नाही.

लग्नं सगळी उन्हाळ्यात. भात घरात आलेलं, हातात चार पैसे, शेतं मोकळी, त्यामुळे गाडी बांध ओलांडून कुठूनही नेता येई. मृग लागला की चिखल, आणि चिखलात गाडी नाही. म्हणून चैत्र-वैशाखात गावात एका दिवशी तीन-तीन मांडव. पोरांसाठी हाच काळ सर्वांत वाईट. ऊन, उघड्यावरचं पाणी, चार घरचं खाणं, रात्रीची जागरणं. जुन्या बायका पोरांच्या कनवटीला कांदा बांधायच्या, गालाला तीट लावायच्या, आणि निघताना एवढंच म्हणायच्या, "पोरा धडधाकट परत आन गो बाय." हसत म्हणायच्या, पण ते हसण्यावारी नसे. लग्नाहून परतताना पोर दगावल्याच्या गोष्टी प्रत्येक आळीत होत्या.

रेल्वे आमच्याकडे तशी फार लवकर आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणं झालं, आणि तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, रूळ खोपोलीला भिडले. १८६३ साली बोरघाट खुला झाला. पण कर्जत स्टेशनापासून कशेळं चौदा-पंधरा किलोमीटर, आणि तेवढ्यात जुनं सगळं जग शिल्लक. १९४८ साली एसटी सुरू झाली, ती पुढे मुरबाडच्या रस्त्याला लागली, तेव्हा कुठे मुराळ्याच्या हातात तिकीट आलं. पोराचं हाफ तिकीट काढावं लागू नये म्हणून त्याला मांडीवर घेऊन 'तीनच वर्षांचं हाय' म्हणायचं, ही कला बायकांनी पहिल्या हंगामातच आत्मसात केली. (आज पाच ते बारा वर्षांच्या पोरांना अर्धं तिकीट आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं. म्हणजे आई आणि तिची सात वर्षांची लेक, दोघी हाफ.)

मला जे मूळ कायमचं लक्षात राहिलं ते १९७४ सालचं. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ साली आलं. मी परळच्या चाळीत राहत होते, मालक गिरणीत. थोरली साडेचार वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. धाकट्या बहिणीचं लग्न मेच्या मध्यात धरलेलं. ७ मेला सतरा वर्षांचा माझा भाऊ मुराळी म्हणून आला, आणि ८ मेच्या सकाळी रेल्वेचा संप सुरू झाला.

जॉर्ज फर्नांडिसांच्या पुढारीपणाखाली झालेला तो संप. देशभरातले सुमारे सतरा लाख कामगार त्यात असल्याचं सांगतात. वीस दिवस चालला. काही गाड्या चालवल्या जात होत्या, पण कुठली सुटेल आणि कुठे थांबेल याचा नेम नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचं लग्न आहे, तू जा. पोरं इथं ठेव." अंगावर पिणारं पोर ठेवून कशी जाणार? आणि थोरलीला करवली व्हायचं होतं, तिला नवं परकर-पोलकं शिवलेलं. तीन दिवस आमच्या खोलीत हाच वाद. शेवटी मालकच म्हणाले, "रस्त्यानं जा. पहाटे निघा."

रविवारी, १२ तारखेला, अंधारात निघालो. एका पिशवीत जुन्या लुगड्याचे लंगोट, एकीत दशम्या आणि गूळ, तांब्याला फडकं बांधलेलं. एसटीनं वाशीच्या नव्या पुलावरून पनवेल. पनवेलला पुढच्या गाडीसाठी ही रांग, सगळी रेल्वेची माणसं रस्त्यावर आलेली. खोपोलीला पोचेस्तोवर दुपार टळली. तिथून पेंढ्याचा एक ट्रक मुंबईच्या तबेल्यांना माल टाकून रिकामा परतत होता. ड्रायव्हरनं पोरं बघितली आणि काही न विचारता फाळका खाली केला. ट्रकच्या हौद्यात पेंढ्याचा चुरा उडून थोरलीचे डोळे लाल झाले. ती रडली नाही. परकर गुडघ्यांत धरून बसली, मळू नये म्हणून.

कर्जतला दिवे लागलेले. एरवी कर्जत म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिवाडकरांचा वडा आणि घाटासाठी मागून लागणाऱ्या इंजिनांचा आवाज. त्या दिवशी स्टेशनाकडून काही ऐकूच येत नव्हतं. कर्जतची ती शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. कशेळ्याची शेवटची एसटी निघून गेली होती, पण वडलांनी अंदाजानं बैलगाडी धाडलेली. कृष्णपक्ष, चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवायचा नव्हता. जूला कंदील टांगून निघालो. कडावच्या पुढे धाकट्याला पहिल्यांदा जुलाब झाला. मग दुसऱ्यांदा. घरी पोचेपर्यंत पिशवीतले लंगोट संपले होते.

दुसऱ्या दिवशी हळद. मांडवात धवलारीण धवळे गात बसलेली, बायका हळद दळतायत, आणि मी आतल्या काळोख्या खोलीत पोर मांडीवर घेऊन. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, टाळू बसली, रडायचा आवाज मांजरासारखा. कर्जतला डॉक्टरकडे न्यायचं तर पुन्हा त्याच उन्हातून. भाऊ गाडी जुंपायला उठलाच होता. तेवढ्यात माझी चुलत आजी आत आली. तिनं पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती परत बसायला किती वेळ लागतो ते बघितलं, आणि म्हणाली, "पेज पाज त्याला. पातळ. मिठाची. चमच्या-चमच्यानं, घाई नको. आनि अंगावर घेत राहा."

त्या काळी शहरातही सरसकट सांगत, जुलाबात पोराचं पाणी तोडा. आजीला ते ठाऊक नव्हतं, नशीब. पुढं शाळेत शिकवताना आरोग्याच्या शिबिरात ऐकलं की १९७१ साली, बांगलादेशच्या युद्धात, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना पाण्यात मीठ, सोडा आणि ग्लुकोज घालून पाजलं आणि हजारोंचे जीव वाचवले. आतडं साखरेसोबत मीठ ओढतं आणि मिठामागून पाणी. तांदळाच्या पिठुळातूनही तीच साखर सुटते, म्हणून पुढे तांदळाच्या पेजेवरही डॉक्टरांनी प्रयोग केले. आमच्या भागातून वाहणाऱ्या नदीचं नाव पेज. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती वैशाखातही आटत नाही. शिबिरात मी हे बोलले तेव्हा सगळ्या हसल्या होत्या.

रात्रभर मी चमचे मोजत होते. बाहेर वाजंत्री, हळदीचं जेवण, गाणी. पहाटे कधीतरी त्यानं लंगोट ओला केला, नुसती लघवी. आजीनं तो लंगोट हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "झालं. आता झोप तू."

त्याच पहाटे मामा आला. मामा कर्जतला रेल्वेत खलाशी, संपात होता. धरपकड चालू होती म्हणून चार दिवस घरी झोपत नव्हता. मामाशिवाय नवरीला मांडवात आणणार कोण, या काळजीनं आईनं जेवण टाकलेलं. तो शेताशेतानं चालत आला, अंगावर धुळीनं लाल झालेला सदरा. भावाचा शर्ट घालून त्यानं बहिणीला मांडवात आणली, अक्षता पडल्या, आणि पंगतीला न बसता पुडीत चार वडे बांधून तो आल्या वाटेनं गेला. थोरली करवली म्हणून कलश घेऊन उभी होती, परकराला एक डाग नाही.

परतायला आम्ही संप मिटायची वाट बघितली. २८ तारखेनंतर गाड्या सुरळीत झाल्या तसं भावानंच आम्हाला परळला सोडलं. मुराळी आणायला जातो तसा पोचवायलाही जातो, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं.

२०२१ च्या मे महिन्यात माझ्या नातीचं, म्हणजे त्याच धाकट्याच्या मुलीचं, लग्न कशेळ्यात झालं. २२ एप्रिलपासूनचा करोनाचा हुकूम होता: पंचवीस माणसं, दोन तासांत लग्न उरकायचं, मोडलं तर पन्नास हजार दंड. धाकट्यानं वहीच्या पानावर नावं लिहायला घेतली. भटजी, दोन्हीकडचे आईबाप, मामा असं करत सतरा झाली. मग प्रश्न आला, कडेवरचं पोर माणसांत धरायचं की नाही. एसटीत धरत नाहीत, हुकुमात तसं काही लिहिलेलं दिसेना. कल्याणच्या भाचीला दोन पोरं, एक तीन वर्षांचं, एक पाच महिन्यांचं. तिला घेतलं तर तीन नावं जात होती. धाकट्यानं तिचं नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी त्यानंच तिला फोन केला. "या वेळी मूळ धाडत नाही गं," म्हणाला. तिकडून ती बराच वेळ काही बोलली नाही, मागं फक्त तान्ह्याचं रडणं ऐकू येत होतं.