रंजक

यंदा गणपतीत गिरगावातल्या घरी मावसभाऊ आला होता. तो इंग्लंडला असतो. मोदक हाणून झाल्यावर मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवायला लागला. हिरवा कोट, काळा पट्टा, हातात लांब बंदूक आणि आमचे हे वीर गवतात पालथे पडलेले! तिथली हौशी मंडळी नेपोलियनच्या काळातल्या लढाया पुन्हा 'लढतात' म्हणे.

मावशीने चष्मा वर सरकवून विचारलं, "आणि लढता कुणाशी रे?"

"फ्रेंचांशी."

"मग हरकत नाही."

सगळे हसले. मी मात्र त्या बंदुकीपाशी अडकलो. १८०० सालच्या बेकर रायफलची ती हुबेहूब नक्कल. नळीत आतून पिळाच्या खाचा, म्हणून गोळी गिरकी घेत सरळ जाते. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. शंभर पावलांपलीकडे तिचा नेम म्हणजे नशीब. गंमत म्हणजे ही नक्कल बनली भारतात! नळीला कान पाडलेलाच नाही, त्यामुळे ती वाजत नाही.

चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी बाहेरच्या छोट्या पेल्यातल्या दारूत पडते आणि कानातून आग नळीत शिरते. त्या चिमूटभर दारूला आपल्याकडे 'रंजक' म्हणत. ही बंदूक आपण विसरलो, पण भाषा नाही विसरली. 'ठासून भरलंय', 'फुसका बार', सगळं तिचंच. 'चकमक' हे तर ठिणगी पाडायचं साधनही आणि छोटी लढाईही!

बंदुकांचं हे वेड मला कादंबऱ्यांनी लावलं. विश्वास पाटलांचं 'पानिपत' (१९८८) आमच्या चाळीत हातोहात फिरलं होतं. शेवटच्या शंभर पानांत आजोबा कुणाशी बोलत नव्हते. पुढे बर्नार्ड कॉर्नवेलची 'शार्प्स ट्रायम्फ' (१९९८) हाती लागली. वाचायला घेतली आणि उडालोच... लढाई आपल्या असईची! जालना जिल्ह्यातली.

या लढाईची सुरुवात एका अर्थी विरार लोकलच्या वाटेवरची. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. शिंदे-भोसल्यांना तो मान्य नव्हता. २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्ली (पुढे वॉटर्लूवाला वेलिंग्टन) जेमतेम सात हजार माणसांनिशी केळणा नदी उतरला. समोर कितीतरी मोठी फौज आणि शंभरएक तोफा. शिंद्यांच्या कवायती पलटणींकडेही चकमकीच्याच बंदुका होत्या. त्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. म्हातारपणी वेलिंग्टनला त्याची सर्वोत्तम लढाई विचारली, तर त्याने वॉटर्लूचं नाही, असईचं नाव घेतलं.

आता कबुली. रात्री दोन वाजता ते तोफांचं प्रकरण वाचताना मी श्वास रोखून बसलो होतो, तो शार्प वाचावा म्हणून. म्हणजे त्या गोलंदाजांनी मरावं म्हणून! लक्षात आलं तेव्हा पुस्तक मिटलं. पानिपतावर रडणाऱ्या आजोबांचा नातू मी. लेखकाने फसवलं म्हणावं, तर तसंही नाही. त्याने मराठी तोफखान्याला पुरता मान दिलाय. त्याने फक्त गोष्ट सांगितली, आणि ती त्याच्या माणसाची सांगितली.

इंग्रजांनी आपली हानी एकेक मोजली : ४२८ मेले, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. त्यात निम्म्याहून अधिक मद्रास फौजेतले हिंदी शिपाई. मराठ्यांच्या बाजूचे मात्र नुसते अंदाज मिळतात. हजार म्हणा, दोन हजार म्हणा. ज्यांची कुणी मोजदादही ठेवली नाही, त्यांची गोष्ट कोण सांगणार? पानिपतचा पराभव आपण घरोघरी जपला. असईचा नाही.

असो. आता 'रंजक' म्हणजे मनोरंजक, एवढंच आपल्याला ठाऊक. पण बार उडवायचा तर ती चिमूट लागतेच. असईवर मराठीत एखादी चांगली कादंबरी तुमच्या वाचनात असेल तर जरूर कळवा. मला ती रात्र पुन्हा जागायची आहे, या वेळी तोफांच्या मागे बसून.