सिझेरियनचा व्रण आणि पुढचे बाळंतपण

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत सातपुड्याच्या डोंगररांगांवर पाडे विखुरलेले आहेत. त्यांतील काही पाड्यांवरून कळा सुरू झालेल्या स्त्रीला आजही बांबूच्या झोळीतून वाहनाच्या रस्त्यापर्यंत आणावे लागते. तिचे आधीचे बाळंतपण सिझेरियनने झालेले असेल, तर गर्भाशयावरील जुन्या व्रणाचा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. पोटावरची खूण सर्वांना दिसते. पण पुढच्या बाळंतपणाची सुरक्षितता ज्यावर अवलंबून असते तो आतला सांधा मात्र नजरेआड असतो.

आज नवल वाटेल, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गर्भाशयाला टाके घालण्याची रीतच रूढ नव्हती. आकुंचन पावणारे गर्भाशय आपोआप मिटेल, असा समज होता. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने बहुतेक माता दगावत. 1876 मध्ये इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो यांनी बाळ काढल्यावर गर्भाशयच काढून टाकून मातेला वाचवले. लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी 1882 मध्ये चांदीची तार आणि रेशीम वापरून गर्भाशय व्यवस्थित शिवण्याची पद्धत मांडली आणि गर्भाशय राखून आईला वाचवण्याची वाट मोकळी झाली.

पुढचा मोठा बदल टाक्यांत नव्हे, तर छेदाच्या जागेत झाला. ग्लासगोचे मन्रो कर यांनी 1920 च्या दशकात गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घेण्याचा आग्रह धरला. हा भाग पातळ असतो, तेथून रक्त कमी जाते आणि कळांच्या वेळी तो वरच्या भागाइतका जोराने आकुंचन पावत नाही. म्हणूनच खालच्या आडव्या व्रणावर पुढच्या वेळी कळा आल्या तर तो फाटण्याची शक्यता साधारण 200 बाळंतपणांत एक असते; वरच्या भागातील उभ्या व्रणाबाबत ती शंभरात चार ते नऊ इतकी सांगितली जाते. छेद कोठे होता, हे टाके कसे होते यापेक्षा महत्त्वाचे ठरते ते यामुळे.

तरीही टाक्यांचा वाद जुना आहे. पूर्वी जनावरांच्या आतड्यापासून केलेला कॅटगट वापरत. त्याची ताकद दोन-तीन आठवड्यांत सरते. आज सर्वत्र रुळलेला व्हिक्रिलसारखा कृत्रिम धागा तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीसही निम्मी ताकद राखतो आणि सुमारे दोन महिन्यांत विरघळतो. गर्भाशय एका थरात शिवावे की दोन, हा दुसरा मुद्दा. 2002 मध्ये माँट्रियल येथील एका अभ्यासात एकेरी थरानंतर व्रण फाटण्याचे प्रमाण सुमारे चौपट आढळले आणि दुहेरी थराकडे कल वाढला. त्यानंतरच्या विश्लेषणांतून असे दिसले, की धोका एकेरी थरापेक्षा प्रत्येक टाका अडकवून आवळत जाण्याच्या पद्धतीत असावा. टाके फार आवळले की कडांचा रक्तपुरवठा तुटतो, आणि रक्ताविना स्नायू जुळत नाही.

भारतासह सात देशांतील सुमारे 16 हजार स्त्रियांवर झालेल्या ‘कोरोनिस’ चाचणीत एकेरी-दुहेरी थर आणि कॅटगट-व्हिक्रिल यांची तुलना झाली. 2013 मधील निष्कर्षांत सहा आठवड्यांनंतर आणि 2016 मधील पाठपुराव्यात तीन वर्षांनंतरही ठळक फरक दिसला नाही. मात्र व्रण फाटणे ही घटनाच इतकी विरळ, की एवढी मोठी चाचणीही त्याबाबत शेवटचा शब्द ठरू शकत नाही.

व्रण नीट न जुळल्यास त्या जागी आतून खोबण राहते. सोनोग्राफीत ती दिसते. पाळीनंतर काही दिवस रेंगाळणारा तपकिरी स्राव हे तिचे नेहमीचे लक्षण. प्रसूती फार पुढे गेल्यावर, गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडल्यानंतर केलेल्या सिझेरियनमध्ये छेद नकळत फार खाली जातो आणि अशी खोबण राहण्याची शक्यता वाढते. दुर्गम भागातून उशिरा पोहोचणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते. रक्तक्षय आणि जंतुसंसर्ग यांनीही जखम भरणे लांबते. नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने रक्तक्षयाचा मुद्दा येथे अधिकच गंभीर आहे.

पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणावरच, गर्भाशयाच्या तोंडाशी रुजली तर ती स्नायूत खोल शिरण्याची भीती असते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात अशी खाली सरकलेली वार असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण एका सिझेरियननंतर 11 टक्के, तर दोन सिझेरियननंतर 40 टक्के आढळले. त्यामुळे पहिल्या सिझेरियनचा निर्णयच विचारपूर्वक व्हायला हवा.

दोन बाळंतपणांत 18 महिन्यांहून कमी अंतर असेल, तर कळांच्या वेळी व्रण फाटण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीनंतर पुढची गर्भधारणा किमान 24 महिने टाळण्याचा सल्ला देते. व्रण फुटू लागल्याची पहिली खूण बहुधा बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत दिसते; आईच्या पोटातील तीव्र वेदना, कळा एकाएकी थांबणे, नाडी जलद होणे ही लक्षणे पुष्कळदा नंतर येतात. ठोके मोजणारे कोणी नसेल, तर पहिली खूण निसटून जाते.

आदिवासी भागांसाठी राज्याने सुरू केलेल्या ‘माहेरघर’ योजनेत गरोदर स्त्रीला प्रसूतीच्या काही दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ राहता येते. ही सोय मोलाची. परंतु आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीने थांबायचे ते शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असेल अशा रुग्णालयाजवळ. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे तिन्ही नसते.

आणखी एक अडचण कागदाची आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. तेथे कळा सुरू झाल्या, तर नव्या डॉक्टरांना आधीच्या छेदाची काहीच माहिती नसते. सुट्टीच्या वेळी मिळणाऱ्या कार्डावर ‘सिझेरियन’ एवढा एकच शब्द पुरत नाही. छेद आडवा की उभा, तो बाजूला फाटला होता का, टाके किती थरांत घातले, शस्त्रक्रिया कशासाठी करावी लागली आणि नंतर ताप होता का, एवढे लिहायला चार ओळी लागतात. त्या कार्डाचे छायाचित्र घरातील मोबाइलमध्ये काढून ठेवले, तर कागद पावसात भिजला तरी मजकूर बाईबरोबर राहतो.