हातोडीवरचे कातडे, हातोडीवरचे फेल्ट

पियानो सुरात लावणे आणि पियानोचा आवाज घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात खुंट्या पिळून तारांचा ताण कमीजास्त करतात. दुसऱ्यात काम होते ते तारांवर आदळणाऱ्या हातोड्यांवर. पियानोच्या व्यवसायात या दुसऱ्या कामाला ‘व्हॉइसिंग’ म्हणतात. सूर तोच राहतो, पण हातोडीचे तोंड टणक असेल तर आवाज उजळ आणि धारदार निघतो, मऊ असेल तर गोल आणि भरीव. तंबोऱ्याची जवारी खुली की बंद हे ज्याला कानाने ओळखता येते, त्याला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जवारी मात्र तार जिथे टेकते त्या घोडीवर काढतात. पियानोत तारेला जे भिडते त्याचाच पोत बदलावा लागतो.

यामागचे कारण हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ध्वनिविषयक ग्रंथात मांडले. मऊ हातोडी तारेला थोडा अधिक काळ चिकटून राहते आणि त्या अवधीत वरचे उपस्वर दाबून टाकते. टणक हातोडी चटकन उसळून परतते, म्हणून ते उपस्वर मोकळे राहतात. हा सगळा हिशेब सेकंदाच्या काही हजारांश भागांचा आहे. पण मूळ प्रश्न हेल्महोल्ट्झच्या दीडशे वर्षे आधीपासून कारागिरांच्या पुढ्यात होता.

फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात वाद्ये सांभाळणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पहिला पियानो बनवला. १७०० सालच्या दरबारी यादीत त्याची नोंद सापडते. त्याचे तीन पियानो आज शिल्लक आहेत. त्यांपैकी लाइपझिगच्या संग्रहालयातल्या १७२६ सालच्या पियानोत हातोडीचे डोके म्हणजे गुंडाळून चिकटवलेली पोकळ कडी आहे आणि तिच्यावर मऊ कातड्याची पट्टी. या नव्या वाद्याबद्दल शिपिओने माफेई याने १७११ साली लेख लिहिला. आवाज फार मऊ आणि बोथट वाटतो, अशी काही जाणकारांची तक्रार असल्याचे त्यात नमूद आहे. पिसाच्या टोकाने तार छेडणाऱ्या हार्पसिकॉर्डच्या झणझणाटाला सरावलेल्या कानांना कातड्याचा हा आघात मिळमिळीत वाटला असणार. म्हणजे पियानोच्या आवाजाविषयीचा बहुधा पहिला लेखी वाद उजळपणाचाच आहे.

अठराव्या शतकात यावर एकमत नव्हते. रेगेन्सबुर्गचा श्पेट आपल्या वाद्यांत कातडे लावतच नसे; तिथे लाकडाच्या उघड्या पट्ट्या थेट तारांवर आदळत. व्हिएन्नाच्या कारागिरांनी हरणाचे कातडे पसंत केले आणि लहानशा हलक्या हातोडीवर त्याचे पातळ थर चढवले. पण आवाज बदलण्याची एक सोय त्यांनी वादकाच्याच हाती ठेवली होती. ‘मॉडरेटर’ नावाची कापडाची पट्टी गुडघ्याने किंवा पायाने सरकवून हातोडी आणि तार यांच्यामध्ये आणता येई, आणि लख्ख आवाज क्षणात मखमली होई. काही पियानोंवर याशिवाय चर्मपत्राचा खरखराट आणि ढोल-घंटा वाजवणारे पेडलही असत. संगीतकार शुबर्टच्या काळच्या व्हिएन्नात ही चैन सर्रास होती. एकाच रचनेत वादक आवाजाचे दोन पोत मागू शकत होता. पुढे ही मुभा त्याच्याकडून बरीचशी गेली आणि कारखान्यातल्या कारागिराकडे आली. ती कशी गेली, हे तारांच्या ताणावरून कळते.

सभागृहे मोठी होत गेली, श्रोते वाढले, तसा मोठा आवाज हवा झाला. त्यासाठी तारा जाड आणि अधिक ताणलेल्या हव्या होत्या, आणि तो ताण पेलायला लाकडी सांगाडा पुरेना. बॉस्टनमध्ये अल्फियस बॅबकॉकने १८२५ साली अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. पुढच्या दशकांत पोलादी तार आली. १८५९ साली स्टाइनवे कंपनीने ग्रँड पियानोत तारा एकमेकींवरून तिरप्या ओढण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. आजच्या मोठ्या ग्रँड पियानोतल्या तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास जातो. अशा तारेवर पातळ कातड्याची चिमुकली हातोडी आपटली तर निघेल तो नुसता टणत्कार. हातोडी जड करावी तर तिच्यावरचे आवरणही जाड लागणार. कातड्याचे थर वाढवले तर ते मार खाऊन दगडासारखे होत आणि दर थोड्या दिवसांनी बदलावे लागत.

यावरचा उपाय पॅरिसमध्ये निघाला. हॅनोव्हरजवळ जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या आंरी पापने १८२६ साली हातोडीवर फेल्ट, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा नमदा, बसवण्याचे पेटंट घेतले. टोप्यांच्या फेल्टवरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. कारागिरांनी ती लगेच उचलली नाही. कित्येकांनी फेल्टवर कातड्याची शेवटची पट्टी ठेवलीच, आणि काही व्हिएन्नी पियानोंत कातडे १८६० च्या दशकापर्यंत टिकले. १८३१ पासून पॅरिसमध्ये राहणाऱ्या संगीतकार शोपँचा ओढा प्लेएल पियानोच्या हलक्या, किंचित झाकलेल्या आवाजाकडे होता. एरार पियानोचा भरदार आवाज त्याच्या मानाने तयार, न मागता मिळणारा. दोन्ही कारखाने एकाच शहरातले, पण तिथेही अभिरुची दोन होत्या.

हाताने पट्ट्या चिकटवण्याचे काम मागे पडून यंत्राने फेल्ट चढवायला सुरुवात झाल्यावर आजची हातोडी घडली. फेल्टचा जाड ताव एका कडेला निमुळता करतात, म्हणजे मंद्र स्वरांच्या हातोड्यांना जाड थर मिळतो आणि तार स्वरांच्या हातोड्यांना पातळ. मग तो लाकडी गाभ्याभोवती प्रचंड दाबाखाली वाकवून सरसाने पक्का करतात. जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या आल्फ्रेड डॉल्जने या उद्योगात मोठे नाव कमावले. न्यूयॉर्क राज्यात त्याच्या कारखान्याभोवती वाढलेले गाव आजही डॉल्जव्हिल म्हणून ओळखले जाते. वाकवलेल्या फेल्टचा बाहेरचा थर ताणलेला आणि आतला दाबलेला राहतो. म्हणून हातोडी स्प्रिंगसारखी वागते: हळू वाजवले तर वरचा मऊ थरच तारेला लागतो, जोराने वाजवले तर फेल्ट दबून टणक होते आणि आवाज मोठा होता होता उजळही होतो. कातड्याच्या हातोडीत ही मजा एवढ्या प्रमाणात नव्हती.

व्हॉइसिंग करणारा कारागीर हाच अंतर्गत ताण हाताळतो. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे मूठ लावलेल्या तीन-चार सुया. हातोडीच्या खांद्यांवर सुया खोल टोचल्या की ताण सैल होतो आणि आवाजाची धार उतरते. माथ्याला, जिथे तार लागते तिथे, फार जपून आणि वरवर टोचतात, कारण तिथले फेल्ट एकदा पिंजले गेले की पूर्वपदावर येत नाही. वर्षानुवर्षे वाजवून माथ्यावर तारांच्या खाचा पडतात आणि आवाज कर्कश होतो. तेव्हा बारीक पॉलिश पेपरने वरचा थर उतरवून हातोडीला पुन्हा मूळचा आकार देतात. अठ्ठ्याऐंशी हातोड्या एकमेकींशी जुळवणे हे त्यातले सर्वांत चिकाटीचे काम. एकच स्वर शेजाऱ्यांपेक्षा उजळ निघाला तरी सुरावटीत तो टोचतो. मॉडरेटरच्या मुभेतले जे थोडे उरले, तेही याच हातांतून जाते. डावे पेडल दाबले की ग्रँड पियानोचा सगळा हातोडीसंच किंचित बाजूला सरकतो आणि फेल्टचा कमी झिजलेला भाग तारेवर येतो, तेव्हा त्या भागाचाही विचार करावा लागतो.

उलट दिशेनेही जाता येते. स्टाइनवेच्या न्यूयॉर्क कारखान्याची रीत मऊ हातोडी घेऊन तिच्यात पातळ लॅकर मुरवण्याची, म्हणजे खालून वर चढण्याची. १८८० साली सुरू झालेल्या त्याच कंपनीच्या हॅम्बुर्ग कारखान्यात घट्ट दाबलेली हातोडी सुयांनी खाली उतरवतात. नाव एकच असूनही या दोन शहरांच्या पियानोंचा आवाज वेगळा मानला जातो. पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झचा पियानो तर त्याच्या झगझगीत आवाजासाठी प्रसिद्ध होता. विसाव्या शतकात याच्याही पुढे जाऊन हातोड्यांत टाचण्या खोचलेले पियानो निघाले. त्यांचा पत्र्यासारखा खणखणाट जुन्या गुत्त्याचे वातावरण उभे करायला वापरत.

मुंबई-गोव्याच्या हवेत या कामाला वेगळीच अडचण येते. लोकर दमट हवेत ओल धरते, पावसाळ्यात आवाज बसतो, आणि बंद पियानोत कसर लागली तर फेल्टच खाल्ले जाते. उष्ण प्रदेशांसाठी युरोपीय कारखाने खास पियानो बनवत; त्यांत नुसत्या सरसावर भिस्त न ठेवता जोड स्क्रूने आणि तारेने पक्के केलेले असत.

अलीकडे हातोडीवरचे कातडेही परतले आहे. जुन्या पियानोंच्या प्रतिकृती बनवणारे कारागीर पुन्हा हरणाचे कातडे शोधू लागले, आणि २०१८ साली वॉर्सामध्ये शोपँच्या काळातल्या पियानोंवरची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे स्पर्धकांना एरार, प्लेएल अशा वाद्यांतून आपले वाद्य स्वतः निवडायचे होते.