अठ्ठावीस किलोंचं पुस्तक

पुस्तक हातात आलं की आधी उलटंसुलटं करून त्याची शिवण पाहायची, ही माझी जुनी खोड. लेखक नंतर, आधी बाइंडर! जुजबंदी केली आहे की पानं नुसतीच चिकटवली आहेत, पुस्तक सपाट उघडतं की हाताखाली दाबून धरावं लागतं, हे कळल्याशिवाय मला वाचायला बसवत नाही. या खोडीपायी माणूस कुठून कुठे भरकटेल याचा नेम नाही. सध्या मी भरकटलोय ते आर्मेनियात.

आर्मेनियन लोकांचं आणि पुस्तकांचं नातं जरा वेगळंच आहे. इसवी सन ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स नावाच्या धर्मोपदेशकाने या भाषेसाठी ३६ अक्षरांची लिपी तयार केली. बायबल आपल्या भाषेत आणायचं हा त्यामागचा मोठा हेतू. एका बाजूला रोमन साम्राज्य, दुसऱ्या बाजूला इराण, अशा कात्रीत सापडलेला हा देश. ४२८ मध्ये तिथलं राजघराणं संपलं. म्हणजे लिपी मिळाली आणि पंचवीसएक वर्षांत राज्य गेलं. पुढे राज्यं आली आणि गेली, पण मठांमधून नकला करण्याचं काम काही थांबलं नाही.

आता बांधणीकडे वळतो. आपल्याकडच्या जुन्या पोथीला सहसा शिवणच नसते. सुटी आडवी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि वरून घट्ट बांधलेला रुमाल. आर्मेनियन पुस्तक मात्र शिवलेलं. पानांच्या जुडग्या करून त्या दुहेरी दोऱ्यांवर शिवायच्या, त्या दोऱ्यांची टोकं लाकडी फळ्यांच्या भोकांतून ओवून घ्यायची. शिवणीचे टाके माशाच्या काट्यासारखे एकमेकांत गुंतत जातात. गंमत म्हणजे या फळ्या अगदी पातळ, काही मिलिमीटरच्या, आणि त्यांतल्या लाकडाची रेघ उभी नसून आडवी. इतर ठिकाणच्या बाइंडरांनी ती बहुधा उभी ठेवलेली दिसते. मला वाटतं, यात साधा सुतारी हिशोब असावा. भोकं एकाखाली एक पडतात, तेव्हा लाकडाची रेघही उभीच असेल तर फळी त्या ओळीत चिरायची भीती. रेघ आडवी असली की पातळ फळीही टिकते.

फळ्यांवर तपकिरी चामडं आणि त्यावर गरम हत्याराने दाबून उठवलेली नक्षी. दर्शनी बाजूला बहुतेक वेळा वेणीसारख्या पट्ट्यांनी विणलेला क्रूस. आतून कापडाचं अस्तर, कधी रेशमी, कधी छापील. कण्याच्या वर-खाली रंगीत दोऱ्यांची उंच गोठ, तीही फळ्यांच्या कडांपर्यंत शिवत नेलेली. आणि पुस्तक जिथून उघडतं त्या बाजूला चामड्याची एक झडप. तिची रुंदी पुस्तकाच्या जाडीएवढीच, त्यामुळे पानांच्या कडाही झाकल्या जातात. थोडक्यात काय, तर हे पुस्तक चहूबाजूंनी नीट झाकलेलं. प्रवासाला निघायचंच आहे असं धरून बांधलेलं!

आणि प्रवास तर पाचवीलाच पुजलेला. तेराव्या शतकातले इतिहासकार स्तेपानोस ओर्बेल्यान लिहितात, की ११७० मध्ये बाघाबेर्दचा किल्ला सेल्जुकांच्या हाती पडला तेव्हा दहा हजारांवर हस्तलिखितं नष्ट झाली. आकडा अगदी काटेकोर नसेलही, पण तो लिहून ठेवावासा वाटला, यातच सगळं आलं.

या पुस्तकांच्या शेवटी एक मजकूर असतो. त्याला ‘हिशातकारान’ म्हणतात, म्हणजे स्मरणलेख. नक्कल कोणी केली, पैसे कोणी दिले, कुठल्या मठात, कुठल्या साली, तेव्हा कुठल्या राजाचा जुलूम चालू होता, हे सगळं त्यात येतं. लिहिणारा स्वतःला नालायक, पापी म्हणवून घेतो आणि वाचणाऱ्याला विनवतो, की बाबा रे, माझी आठवण ठेव, माझ्यासाठी प्रार्थना कर. चित्रकाराचं नाव येतं, बांधणी करणाऱ्याचंही येतं. शंभर-दोनशे वर्षांनी पुस्तक पुन्हा बांधलं गेलं की नवा बाइंडर आपल्या दोन ओळी जोडतो. पुस्तक लुटलं गेलं तर ते ‘कैदेत’ गेलं असं लिहितात. पैसे देऊन परत आणलं तर ‘सोडवलं’ असं, माणसाबद्दल लिहावं तसंच.

आपल्या पोथ्यांच्या शेवटीही लेखनिक हात जोडून उभा असतोच की. जसं पाहिलं तसं उतरवलं, मला दोष देऊ नका, असं म्हणतो. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला वाचवा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, अशी विनवणी खुद्द पोथीच्याच तोंडी घातलेली असते. सैल बांधणीची ही भीती दोन्हीकडे सारखीच.

आता त्या अठ्ठावीस किलोंच्या पुस्तकाबद्दल. ‘मुशचं प्रवचनसंग्रह’ म्हणून ते ओळखलं जातं. १२०० ते १२०२ या काळात वासराच्या कातड्यावर लिहिलेलं, सहाशेवर पानं, उंची सुमारे ७० सेंटिमीटर. लिहून झालं आणि थोड्याच काळात ते लुटीत गेलं. मुश भागातल्या मठाने आणि लोकांनी चांदीची चार हजार नाणी जमवून ते सोडवून घेतलं. पुढची सातशे वर्षं ते तिथल्या मठात राहिलं.

मग १९१५ साल उजाडलं. ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा वंशसंहार सुरू झाला. गावंच्या गावं रिकामी झाली. असं सांगतात, की जीव घेऊन पळणाऱ्या दोन बायकांना हे पुस्तक सापडलं. एकीला ते उचलणं शक्य नव्हतं. त्यांनी त्याचे दोन भाग केले आणि एकेक भाग घेतला. एक भाग एच्मियाझिनला पोचला. दुसरी बाई वाटेतच गेली, पण जाण्याआधी तिने आपला भाग एर्झुरूमच्या एका मठाच्या आवारात पुरला होता. तो पुढे एका लष्करी अधिकाऱ्याला सापडला. आज दोन्ही भाग येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात एकत्र आहेत. तिथेच १४३४ चं एक चिमुकलं पंचांगही आहे, वजन फक्त १९ ग्रॅम!

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. तोरोस रोसलिन हा तेराव्या शतकातला थोर चित्रकार. त्याची सही असलेलं, माहीत असलेल्यांपैकी सर्वांत जुनं पुस्तक १२५६ चं, झेयतून गॉस्पेल्स. १९१५ च्या धामधुमीनंतर त्यातली सोनेरी-निळ्या कमानींची आठ पानं वेगळी झाली. १९९४ मध्ये ती अमेरिकेतल्या गेटी म्युझियमने विकत घेतली. २०१० मध्ये आर्मेनियन चर्चने दावा लावला. २०१५ मध्ये तडजोड झाली. पानांवरची मूळ मालकी चर्चची, हे गेटीने मान्य केलं आणि चर्चने ती पानं गेटीला दान दिली. बाकीचं पुस्तक येरेवानला आहे, ही आठ पानं लॉस एंजेलिसला.

दोन्हीकडे पुस्तकाची ताटातूट झाली. पण मुशच्या त्या बायकांनी पुस्तक तोडलं ते सगळंच्या सगळं वाचावं म्हणून. तिकडे झेयतूनची पानं सुटी झाली आणि पुढे चित्रं म्हणून भिंतीवर टांगण्याजोगी ठरली. सुंदर पान सुटं असलं की त्याला भाव येतो. शिवणीला कुठला आलाय भाव? पाश्चात्त्य ग्रंथालयांनी आणि संग्राहकांनी कितीतरी जुन्या पुस्तकांची मूळ बांधणी काढून फेकली आणि वर नवीकोरी चढवली. अक्षरं तेवढी जपली, आणि ज्या हातांनी ती एकत्र ठेवली होती त्यांची खूण मात्र पुसून टाकली. आता कुठे तज्ज्ञ मंडळी टाके मोजतात, अस्तराच्या कापडाचा माग काढतात आणि त्यावरून पुस्तक कुठे कुठे फिरलं ते सांगतात.

आणि हे फार लांबचं आहे असंही नाही. आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक, ‘अझ्दरार’, १७९४ मध्ये आपल्या मद्रासला छापलं गेलं. मुंबईच्या फोर्टमधलं आर्मेनियन चर्च १७९६ चं. व्यापारासाठी इथवर आलेल्या या लोकांनी येताना पुस्तकंही आणलीच.

राहून राहून वाटतं, की उद्या आपल्यावर तशी वेळ आली तर गावाने वर्गणी काढून सोडवावं असं आपलं पुस्तक कुठलं? उत्तर पटकन सुचत नाही. २००४ च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा विखुरलेली पानं आवरायला माणसं आपणहून गेली होती, हे मात्र आठवतं.

असो. तुमच्या घरी जुनी पोथी असेल तर एकदा रुमाल सोडून शेवटचं पान बघा. कुणीतरी नाव, गाव, शके लिहून ठेवलं असेल. वाचा, आणि रुमाल पुन्हा बांधताना गाठ घट्ट मारा.