परवाना निलंबित झाल्यास पुढे काय?

लाल दिवा ओलांडताना किंवा हेल्मेटविना पकडले गेल्यावर चालानाची रक्कम भरली की प्रकरण मिटले, असा बहुसंख्य वाहनचालकांचा समज असतो. परवाना निलंबित झालाच, तर तीन महिने उलटताच तो आपोआप पूर्ववत होतो, हा दुसरा समज. मोटार वाहन कायदा, १९८८ आणि त्यातील २०१९ च्या दुरुस्तीचा आधार घेतल्यास हे दोन्ही समज चुकीचे ठरतात. दंड आणि परवान्यावरील कारवाई या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि निलंबनाची मुदत संपली तरी काही अटी पूर्ण केल्याशिवाय परवाना हाती पडत नाही. मधल्या काळात 'कोण पाहतो' म्हणून गाडी बाहेर काढणाऱ्याला मूळ गुन्ह्याहून कितीतरी मोठी किंमत मोजावी लागू शकते.

पोलीस जप्त करतात, निर्णय आरटीओचा

वाहतूक पोलिसाला परवाना निलंबित करण्याचा अधिकार नाही. तो परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, पाठवितो. कलम २०६ च्या चौथ्या पोटकलमात त्यासाठीचे गुन्हे दिले आहेत. अतिवेग (कलम १८३), धोकादायकपणे वाहन चालविणे (१८४), मद्य किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालविणे (१८५), रस्त्यावर शर्यत लावणे (१८९), असुरक्षित स्थितीतील वाहन वापरणे (१९०), दुचाकीवर तिघांनी बसणे (१९४ क), हेल्मेट न घालणे (१९४ ड) आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाच्या वाहनाला वाट न देणे (१९४ इ) यांचा त्यात समावेश आहे.

'धोकादायक' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. लाल दिवा ओलांडणे, हातात मोबाइल धरून वाहन चालविणे, नियमबाह्य पद्धतीने पुढे जाणे आणि विरुद्ध दिशेने वाहन हाकणे या शहरात रोज दिसणाऱ्या गोष्टी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये स्पष्टपणे आणल्या. त्याआधी, ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ते सुरक्षा समितीने अतिवेग, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर, मद्यपान करून वाहन चालविणे, मालाची जादा वाहतूक आणि मालवाहू वाहनातून माणसे नेणे या गुन्ह्यांसाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते.

परवाना जप्त केल्यावर पोलिसाने पोच देणे बंधनकारक आहे. ही पोच म्हणजे हंगामी परवाना, असा अनेकांचा ग्रह असतो आणि नेमकी येथेच चूक होते. वॉरंट वा समन्सच्या वेळी चालक फरार होईल या शंकेने परवाना घेतला असेल, तर त्या पोचेवर नमूद तारखेपर्यंत वाहन चालविता येते. वर दिलेल्या आठ गुन्ह्यांपैकी एखाद्यासाठी परवाना जप्त झाला असेल, तर मात्र तो परत मिळेपर्यंत वाहन चालविण्याची मुभा पोचेने मिळत नाही. त्यामुळे पोचेवरील कलम तेथेच वाचून घेणे हिताचे.

तडजोड शुल्क भरल्यानेही ही कारवाई थांबत नाही. जागेवर दंड भरून गुन्हा मिटविला तरी परवान्यावरील कार्यवाही सुरू राहते आणि पुन्हा तसाच गुन्हा घडल्यास तो 'दुसरा गुन्हा' मानला जातो, असे कलम २०० मध्ये म्हटले आहे.

सुनावणीची संधी

परवाना प्राधिकाऱ्याने निर्णय घेण्यापूर्वी परवानाधारकाचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक आहे. कलम १९ नुसार तो परवानाधारकाला दोषमुक्त करू शकतो किंवा कारणे लेखी नमूद करून अपात्र ठरवू शकतो. पोलिसांनी पाठविलेल्या प्रकरणांत पहिल्या गुन्ह्यासाठी अपात्रतेची मुदत तीन महिने आहे, तर दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी परवाना रद्द होतो. निलंबित परवाना काही काळ निष्प्रभ असतो. रद्द झालेला परवाना संपुष्टात येतो. हा फरक विशेषतः रिक्षा, टॅक्सी, मालवाहू वाहन चालविणारे आणि घरपोच सेवा देणारे यांच्या पोटापाण्याशी निगडित आहे.

म्हणूनच नोटिशीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नसते. वाहन आपल्या नावावर असले तरी त्या वेळी दुसरा कोणी चालवीत होता, गाडीचा क्रमांक चुकीचा नोंदविला गेला किंवा छायाचित्रात दिसणारे वाहन वेगळे आहे, अशा बाबी कागदपत्रांसह मांडण्याची हीच जागा. प्रतिकूल आदेश झाल्यास तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत विहित अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. आदेशाची प्रत आणि ती हाती पडल्याची तारीख यांची नोंद जपून ठेवावी. अपात्रता दीर्घ मुदतीची असेल, तर आदेशापासून सहा महिने झाल्यावर ती उठविण्यासाठी किंवा बदलण्यासाठी त्याच न्यायालयाकडे वा प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो फेटाळला गेल्यास पुढील तीन महिने दुसरा अर्ज विचारात घेतला जात नाही.

परवाना परत मिळविताना

आरटीओने अपात्र ठरविलेल्या चालकाला मुदत संपल्यावर परवाना परत मिळतो, तो चालकांसाठीचे उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केले असल्यासच. ही अट २०१९ च्या दुरुस्तीने आली. प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतच घ्यावे लागते. ते कोठे उपलब्ध आहे याची चौकशी आदेश निघताच आपल्या आरटीओत केल्यास मुदत संपल्यानंतरचा खोळंबा टळतो.

न्यायालयाने निलंबन केले असेल तर वाट अधिक खडतर आहे. धोकादायकपणे वाहन चालवून कोणाचा मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडविल्याबद्दल दोषी ठरलेल्या चालकाचा परवाना न्यायालय निलंबित किंवा रद्द करू शकते. अशा निलंबनानंतर परवानाधारकाने स्वतः अर्ज करावा लागतो, वाहन चालविण्याची चाचणी नव्याने उत्तीर्ण व्हावी लागते आणि वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करावे लागते. मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास न्यायालयाने परवाना रद्द करावा, असे कायदाच सांगतो.

एका प्रसंगी तर निकालाआधीच परवाना निलंबित होतो. कलम १८४ खाली पूर्वी शिक्षा झालेल्या व्यक्तीवर धोकादायकपणे वाहन चालवून मृत्यू वा गंभीर दुखापत घडविल्याचा गुन्हा पुन्हा नोंदविला गेला, तर गुन्हा नोंदविल्याच्या दिवसापासून सहा महिने किंवा त्याआधी निर्दोष सुटका होईपर्यंत तिचा परवाना निलंबित राहतो.

मधल्या काळात गाडी चालविल्यास

परवाना मुळातच नसणे आणि अपात्र ठरविल्यावरही वाहन चालविणे, यांत कायदा भेद करतो. परवान्याविना वाहन चालविल्यास कलम १८१ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. अपात्रतेच्या काळात वाहन चालविल्यास कलम १८२ नुसार कैदेची मर्यादा तीच, पण दंड १०,००० रुपये. अपात्रता दडवून दुसरा परवाना काढणाऱ्यालाही हीच शिक्षा असून तो परवाना निरर्थक ठरतो. १ सप्टेंबर २०१९ पूर्वी या दोन्ही गुन्ह्यांसाठी दंडाची कमाल रक्कम अवघी ५०० रुपये होती.

महाराष्ट्रात ही वाढ लगेच लागू झाली नाही. दंडाच्या रकमा फार मोठ्या असल्याने फेरविचार करावा, असे पत्र तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राला पाठविले होते. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात वाढीव तडजोड शुल्क लागू झाले.

परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणारा मालकही सुटत नाही. कलम १८० नुसार त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय परवान्याविना चालविले जाणारे वाहन पोलीस अडकवून ठेवू शकतात.

खरा फटका विम्याचा

अपघात झाल्यास दंडाची रक्कम किरकोळ वाटावी, अशी वेळ येते. वैध परवाना नसलेली किंवा अपात्र ठरविलेली व्यक्ती वाहन चालवीत होती, हा विमा कंपनीसाठी कायद्याने मान्य केलेला बचाव आहे. नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या २००४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ परवाना नव्हता एवढे सांगून कंपनीची सुटका होत नाही. विमाधारकाने अटीचा भंग जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे केला, हे तिला सिद्ध करावे लागते. तसे सिद्ध झाले तरी अपघातग्रस्ताला वाऱ्यावर सोडले जाऊ नये म्हणून कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. परवाना निलंबित असल्याचे ठाऊक असूनही स्वतः गाडी चालविणाऱ्याला 'मला माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय उरत नाही. मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यातील लाखो रुपयांची रक्कम मग घरदार विकून चुकती करण्याची पाळी येऊ शकते.

विसरलेला आणि मुदत संपलेला परवाना

परवाना घरी राहिला, तर तो 'परवान्याविना' वाहन चालविण्याचा गुन्हा नव्हे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधील परवाना नियमांनुसार ग्राह्य आहे. मुदत संपलेल्या परवान्याची गोष्ट वेगळी. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवस तो वैध मानला जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ही सवलत गेली. नूतनीकरणासाठी मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष एवढा अवधी आहे. हा अवधी उलटल्यास चाचणी पुन्हा द्यावी लागते. अर्जाला एक वर्ष मिळते म्हणून तोवर वाहन चालविता येते, असा अर्थ मात्र काढू नये.

मुले वाहन चालवीत असतील तर

अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९ अ नुसार पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाल्यानंतर या तरतुदीची राज्यभर चर्चा झाली. आपल्या नकळत किंवा पुरेशी खबरदारी घेऊनही गुन्हा घडला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावरच असते.

निलंबनाचा आदेश हाती पडताच तीन गोष्टी कराव्यात : वाहन चालविणे थांबवावे, ३० दिवसांत अपील करायचे की नाही हे ठरवावे आणि उजळणी प्रशिक्षणासाठी नाव नोंदवावे. अपात्र आणि रद्द ठरलेल्या परवान्यांची नोंद ऑक्टोबर २०२० पासून परिवहन विभागाच्या ऑनलाइन प्रणालीत ठेवण्याची तरतूद आहे. त्यामुळे खिशातील कार्ड परत केले नाही, तरी त्याचा आधार उरत नाही.