एकच नाव, दोन ठराव

आपल्या जिल्ह्याचं ‘धाराशिव’ हे नाव राज्य मंत्रिमंडळाने एकदा नाही, दोनदा मंजूर केलं. असं का?

२८ जून २०२२ ला राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी ठाकरे सरकारला ३० तारखेला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. २९ ला मंत्रिमंडळाने नामांतराचा निर्णय घेतला आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. नंतरच्या शिंदे सरकारचं म्हणणं, बहुमत सिद्ध करायला सांगितल्यावर असे निर्णय घेता येत नाहीत. म्हणून १६ जुलैला पुन्हा ठराव.

आता राज्यघटना उघडून बघा. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार, एवढं कलम १६४ सांगतं. पण या मधल्या दिवसात काय करू नये, याचं कलमच नाही. तो अलिखित संकेत.

अमेरिकेतही दोनदाच राष्ट्राध्यक्ष व्हायचं, ही वॉशिंग्टनपासूनची रीतच होती. १९४० मध्ये रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले, तेव्हा कुठे १९५१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन ती कागदावर आली.

आपल्याकडे तसं काही झालं नाही. उलट ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं, राज्यपालांनी ती बहुमत चाचणी बोलावणंच योग्य नव्हतं. म्हणजे ज्या पत्राच्या जोरावर पहिला ठराव बेकायदा म्हटला, तेच पत्र कच्चं निघालं! तोवर नावाला केंद्राची मंजुरीही मिळाली होती.

नाव दोन्ही वेळा तेच राहिलं, म्हणून वाद मिटला. पुढच्या वेळी निर्णय जमिनीचा किंवा पाण्याचा असेल, तेव्हा संकेत मोडला की नाही हे ठरवणार कोण? विरोधात बसलेले की नव्याने सत्तेत आलेले?