वारा फुकट, किनारा महाग

वारा फुकट असला तरी किनारा फुकट नसतो, हें जोशुआ स्लोकमच्या सफरीवरून आम्हांस स्पष्ट दिसतें. शिडाच्या जहाजांचा धंदा बसल्यामुळें बेकार झालेल्या या अमेरिकन कप्तानानें ‘स्प्रे’ नांवाची मोडकी नौका तेरा महिने स्वतः राबून नव्यानें बांधली. साहित्यास ५५३ डॉलर ६२ सेंट लागले. १८९५ सालीं बोस्टनहून निघून १८९८ सालीं त्यानें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. मेलबर्नला बंदराचा कर पडला, तेव्हां त्यानें नौका पाहणारांकडून माणशीं सहा पेन्स घेतले. गर्दी ओसरल्यावर शार्क मासा पकडून तोही पैसे घेऊन दाखविला! पनामाचा कालवा १९१४ सालीं खुला झाला. त्यापूर्वींचा स्लोकम मॅगेलनच्या सामुद्रधुनीनें गेला. म्हणजे त्यानें बहुतेक मोल श्रमानें व वेळानें चुकविलें.

आज कालव्याचा कर, विमा, परवाने, सारें रोख द्यावें लागतें. बहामानें २०२५ सालीं परदेशी विहारनौकांचें शुल्क वाढविलें. बेटांनीं आपल्या पाण्याचें मोल मागूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें लहान नौकेस झेपेल इतकेंच असावें. नाहीं तर स्लोकमसारख्या निर्धन माणसास समुद्र बंद होईल.